दहा लाख बावीस हजार एकशे सतरापुढची रेघ

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले व्यवस्थापकसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले आजचे प्रमुख पाहुणे, म्हणजेच अवयवसारणीचे कर्ते प्राध्यापकमहोदय, तपासणी खात्याचे प्रमुख, सत्कारमूर्ती भिंगताई, त्यांच्या शेजारी हारांच्या टोपलीमागे अवघडून बसलेले त्यांचे यजमान, आणि समोर बसलेल्या माझ्या जुळाऱ्यांनो, मशीनवाल्यांनो, बाइंडिंगच्या मावश्यांनो, पॅकिंगच्या दादांनो,

आपण सगळे एका शब्दाचे बळी आहोत. तो शब्द पुस्तकाच्या शेवटी एका चिटोऱ्यावर छापलेला असतो, आणि छापावाही आपल्यालाच लागतो. मुद्रणदोष. लेखक चुकला, तर मुद्रणदोष. लेखकाचा लेखनिक दुपारी पेंगला, मुद्रणदोष. एका चरित्रनायकाचा जन्म त्याच्या आईच्या जन्माआधी झाला, तोही मुद्रणदोष! पुस्तक गाजलं तर हार लेखकाच्या गळ्यात, आणि चुकलं तर दोरी आपल्या. तीस वर्षांत एका तरी पुस्तकावर 'लेखनदोष' असं चिटोरं चिकटवलेलं कुणी पाहिलंय? हात वर करा. बघा. बाइंडिंगच्या मावशींनी लाखभर चिटोरी चिकटवली असतील, त्यांचाही हात खालीच आहे.

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. आता साडेचार वाजलेत. ताई सहा वाजता हजेरीपटावर शेवटची सही करून घरी जाणार आहेत, आणि उद्या सकाळी आठ वाजता मोठं मशीन सुरू होणार आहे. मी मघापासून सारखा घड्याळाकडे बघतोय ते त्यामुळे. सत्काराच्या भाषणाला इतकी घाई शोभत नाही, मला कळतं. पण काय करू, पाय एका जागी ठरत नाहीत.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या तपासणीच्या खोलीत जोड्या असतात. एकजण हातात कॉपी घेऊन मोठ्यानं वाचतो. कॉपी म्हणजे लेखकाकडून आलेलं हस्तलिखित. दुसरा माणूस छापून आलेलं प्रूफ पुढ्यात घेऊन ऐकतो आणि ओळीमागून ओळ ताडत जातो. एकवीस वर्षं मी वाचतोय आणि ताई ऐकताहेत. आवाजापायी मला भोंगा म्हणतात, आणि हातातल्या भिंगापायी त्यांना भिंगताई. भिंग आणि भोंगा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं जिना उतरायला लागलो की खालून कुणीतरी ओरडायचं, "आली रे, सर्कस आली!"

त्या खोलीत मी कायदा वाचला, वैद्यक वाचलं, तीन धर्मांचे ग्रंथ वाचले आणि त्या तिन्ही धर्मांना खोडून काढणारी पुस्तकंही वाचली. एका राजाचं गुणगान वाचलं आणि सहा महिन्यांनी त्याच राजाला पदच्युत केल्याचा जाहीरनामा वाचला. सगळं मोठ्यानं. त्यामुळे मला हळू आवाजात बोलता येत नाही, आणि कुणी काहीही छापून आणलं म्हणून ते खरं मानायची सवयही राहिलेली नाही. ताईंचं शिक्षण माझ्यापेक्षा वेगळं झालं. मी वाचत असताना त्यांनी फक्त ऐकलं आणि बघितलं. बघायला किती धीर लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता ही सारणी. तिच्यात अगदी सोपी गोष्ट आहे. डावीकडे संख्या, आणि उजवीकडे त्या संख्येला निःशेष भागणारा सर्वांत लहान विभाजक. दोन, तीन आणि पाचनं भाग जाणाऱ्या संख्या सारणीत घेतलेल्याच नाहीत, त्या कुणालाही नुसत्या बघून कळतात. उरलेल्यांपैकी एखाद्या संख्येला कशानंच भाग जात नसेल, म्हणजे ती मूळ संख्या असेल, तर तिच्यापुढे आडवी रेघ. बस्स. पावणेतीन लाखांच्या आसपास नोंदी. प्राध्यापकमहोदयांनी आयुष्याची तीस वर्षं त्यात घातली, आणि त्याबद्दल मी त्यांना मनापासून नमस्कार करतो. हा नमस्कार उपचाराचा नाही. पुढे मी काय बोलणार आहे ते त्यांना माहीत आहे, म्हणून आधी करून ठेवतो.

अशा नोंदी वाचायची आमची एक रीत आहे. आकडा वाचायचा, विभाजक वाचायचा. रेघ आली की 'रेघ' असं म्हणायचं नाही. दिवसाला हजारो रेघा असतात, घसा बसेल. मी पेन्सिलीनं टेबलावर एकदा टक करायचं. ताईंनी त्यांच्या पेन्सिलीनं उलट टक करायचं. दोन्ही टक झाले की ओळ मंजूर. ताईंचं टक आलं नाही तर ओळ अडली. शेजारच्या खोलीतले हिशेबनीस म्हणायचे, "तुमच्याकडे सुतारपक्षी पाळलेत का हो?"

सहा महिन्यांपूर्वी सारणीची नवी आवृत्ती आली. जुनी दहा लाखांपर्यंत होती. नवीत पंचवीस हजार संख्या वाढवल्या. अर्धी छपाई झाल्यावर प्राध्यापकांकडून एक दुरुस्ती आली: दहा लाख अठरा हजार एक्क्याऐंशी, पुढची रेघ काढावी, तिथे एक हजार नऊ घालावे. कारण ती संख्या म्हणजे एक हजार नऊचा वर्ग निघाली. आमचे प्रमुख ती चिठ्ठी घेऊन खोलीभर फिरले. "बघा, शिका! इतका मोठा माणूस, पण स्वतःची चूक स्वतः शोधून कळवतो!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी नाही डोलावली.

मला म्हणाल्या, "भोंगा, हा वर्ग राहिला कसा?"

"राहिला. माणसं आहेत, ताई. चुकतात."

"हजाराखालच्या एकशे पासष्ट विभाजकांना माणसं चुकली नाहीत. सगळी मिळून या एकालाच चुकली?"

"तुम्हाला काय करायचंय? दुरुस्त झालं ना?"

"चूक दुरुस्त झाली रे. ती आली कुठून ते कुणी विचारलं?"

मी चहा प्यायला गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला वाटलं, निवृत्ती जवळ आली की माणसं अशी किरकिरी होतात.

ताई चहाला आल्या नाहीत, त्या खाली बाइंडिंगमध्ये गेल्या. का? कारण प्राध्यापकांच्या कार्यालयात गणित कसं होतं, ते आपल्या छापखान्यात फक्त बाइंडिंगला माहीत आहे. तिथले साहाय्यक भागाकार करत बसत नाहीत. प्रत्येक विभाजकासाठी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी असते. सातच्या पट्टीला दर सात घरांनी भोक, तेराच्या पट्टीला दर तेरा घरांनी. पट्टी तक्त्यावरून सरकवत न्यायची आणि भोकातून जी संख्या दिसेल तिच्यापुढे तो विभाजक लिहायचा. सगळ्या पट्ट्या फिरवून झाल्यावर जी संख्या एकाही भोकातून दिसली नाही, तिच्यापुढे रेघ. आणि त्या पट्ट्या कापल्या कुणी? त्या बसल्यात ना, दुसऱ्या रांगेत, तोंडाला पदर लावून हसताहेत, त्या मावशींनी.

"मावशी, नव्या आवृत्तीसाठी पट्टी मागवली होती का हो?" ताईंनी विचारलं.

"कसली नवी पट्टी? जुन्या एकशे पासष्टच वापरतात की. कडा झिजल्या म्हणून आठ-दहा बदलून दिल्या."

"शेवटची कुठली?"

"नऊशे सत्त्याण्णवची. केवढी लांबलचक! कापताना माझं कोपर धरलं होतं."

मंडळी, इथे जरा लक्ष द्या, यात अवघड काही नाही. दोन संख्यांचा गुणाकार दहा लाखांच्या आत असेल, तर त्यातली एक तरी हजाराच्या आत असलीच पाहिजे. दोन्ही हजाराच्या वर गेल्या तर गुणाकार दहा लाखांच्या वर जाणार. त्यामुळे दहा लाखांपर्यंतच्या सारणीला हजाराखालच्या पट्ट्या पुरतात. हजाराखालची शेवटची मूळ संख्या नऊशे सत्त्याण्णव. म्हणून जुनं काम चोख होतं. पण सारणी पंचवीस हजारांनी वाढली, आणि पट्ट्या तेवढ्याच राहिल्या! आणखी एक पट्टी लागत होती, एक हजार नऊची. एकशे सहासष्टावी. ती कुणी मागितली नाही, कुणी कापली नाही. अंगण वाढवलं आणि कुंपण जुनंच ठेवलं. आत काय शिरलं असेल?

ताई वर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी प्रूफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. एक हजार नऊची पट्टी नाही, म्हणजे ज्या संख्यांना एक हजार नऊहून लहान विभाजकच नाही, तेवढ्याच निसटल्या असणार. एक हजार नऊ गुणिले एक हजार नऊ, ती तर सापडली. एक हजार नऊच्या पुढची मूळ संख्या एक हजार तेरा. त्या दोघींचा गुणाकार? दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. सारणीच्या आत! त्यापुढचा प्रत्येक असा गुणाकार दहा लाख पंचवीस हजारांच्या बाहेर पडतो. म्हणजे निसटलेल्या संख्या फक्त दोन. एक प्राध्यापकांना सापडली. दुसरी?

ताईंनी पान उलटलं. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. पुढे रेघ.

त्या दिवसापासून या बाईंना स्वस्थता म्हणून नाही. मी एकवीस वर्षं त्यांच्यासमोर बसतोय, त्यांना पेन्सिल चावताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी रीतीप्रमाणे प्रमुखांमार्फत प्राध्यापकांना पत्र लिहिलं. चार ओळींचं. एक गुणाकार आणि खाली 'कृपया पडताळून पाहावे.' प्रमुखांनी ते पाठवलं, पण पाठवताना बोललेच, "ताई, आता तुम्ही लेखकाचं गणित तपासायला लागलात? उद्या कायद्याच्या पुस्तकातल्या आरोपींना माफी द्याल!"

आठ दिवसांनी उत्तर आलं. ते माझ्याकडे आहे. वाचू का, प्राध्यापकमहोदय? नको म्हणताय. बरं, सगळं वाचत नाही, एकच वाक्य वाचतो: 'तपासनीसांनी ताडून पाहावे, गणित करू नये.'

छापखान्यातला पहिला नियम आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात: कॉपी तीच खरी. कॉपीत सूर्य पश्चिमेला उगवला तर प्रूफातही पश्चिमेलाच उगवला पाहिजे. लेखकाच्या सहीशिवाय एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. चांगला नियम आहे हो. तो नसता तर आपल्यातल्या प्रत्येक शहाण्यानं प्रत्येक पुस्तकात हात घातला असता, मी तर सर्वांत आधी. पण नियम असं सांगतो की लेखकाला विचारल्याशिवाय बदलू नका. विचारूच नका, असं तो कुठे सांगतो?

यजमान, आता तुमची गोष्ट सांगतो, रागावू नका. ताईंचे यजमान शिंपी आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. इथले निम्मे कोट त्यांच्या हातचे आहेत. एका संध्याकाळी ते दुकानात कोटाचं अस्तर कापायला बसले, तर कापडावर त्यांच्याच खडूनं आकडे लिहिलेले.

"हे काय? छाती नऊशे एकसष्ट, कंबर तीनशे चौदा? हत्ती आलाय का मापाला?"

"पुसू नका ते! कागद संपला म्हणून लिहिलंय."

"अगं, गिऱ्हाइकाचं कापड आहे!"

"आतल्या बाजूला लिहिलंय ना. खडू झटकला की जातो."

झालं होतं असं. प्राध्यापकांना तपासनीसाचा गुणाकार चालत नाही ना? मग त्यांच्याच पुस्तकानं दाखवू, असं ताईंनी ठरवलं. सारणीच्या शेवटी वर्गांचा तक्ता आहे, त्यांच्याच सहीनं छापलेला. आणि एक जुना सिद्धान्त आहे: मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेनं मांडता आली, तर ती एकाच तऱ्हेनं मांडता येते. दुसरी तऱ्हा सापडली, की ती मूळ नाही, हे सिद्ध झालं. ताईंनी त्या तक्त्यातून शोधून काढलं. नऊशे एकसष्टाचा वर्ग अधिक तीनशे चौदाचा वर्ग, बेरीज दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. नऊशे चौऱ्याहत्तरचा वर्ग अधिक दोनशे एकाहत्तरचा वर्ग, बेरीज पुन्हा तीच.

यजमानांना त्यांनी हे अस्तरावर समजावून सांगितलं. यजमानांनी कात्री खाली ठेवली आणि विचार करून म्हणाले, "म्हणजे एकाच कापडातून दोन वेगळ्या मापांचे कपडे निघाले, आणि दोन्ही वेळा चिंधी उरली नाही?"

"हो."

"मग ते कापड अखंड नाहीच. त्याला कुठेतरी जोड आहे."

मंडळी, ज्यांनी शाळेच्या चौथीनंतर पाटीला हात लावला नाही, त्या माणसाला हे एका बैठकीत कळलं. टाळ्या मला नको, त्यांच्यासाठी वाजवा.

या दोन बेरजा लिहिलेलं ताईंचं दुसरं पत्र न उघडता परत आलं.

हं, चिठ्ठी आली. अध्यक्षांकडून. 'आवरा.' आवरतो, साहेब. पण तुम्ही मागच्या सोमवारी मला जे विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते देऊन आवरतो. तुम्ही म्हणालात, "अहो भोंगाजी, पावणेतीन लाखांत एक रेघ! कोण मरणार आहे त्यानं?"

कुणी मरणार नाही, साहेब. पण ही सारणी विकत कोण घेतं? दातेरी चाकं कापणारा कारागीर घेतो. त्याला चाकांचे दाते ठरवायला संख्येचे अवयव लागतात. एखादी शिक्षिका घेते, जिला वर्गात उभं राहून खात्रीनं बोलायचं असतं. या माणसांना वेळ नसतो, म्हणूनच ती आपलं पुस्तक विकत घेतात. एखाद्याला ती रेघ स्वतः पडताळून पाहायची झाली, तर सातापासून एक हजार नऊपर्यंत एकशे सहासष्ट भागाकार करावे लागतील. कोण करेल? तो रेघ बघतो आणि थांबतो. रेघेचा अर्थच तो आहे: बाबा, आम्ही शोधलं, काही नाही, तू आता शोधू नकोस. आम्ही न शोधता त्याला असं सांगणार? विभाजक चुकीचा छापला तर भागाकार करताच उघडा पडतो. खोटी रेघ कधीच उघडी पडत नाही, कारण ती बघणाऱ्याचा शोधच थांबवते. मी जाहीरनामे वाचलेत, साहेब, फतवे वाचलेत, चौकशी अहवाल वाचलेत. माणसांना फसवणाऱ्या वाक्यांनी जितकं नुकसान केलं, त्याहून जास्त 'आता पुढे काही नाही' असं सांगणाऱ्या वाक्यांनी केलंय. म्हणून मला त्या एका रेघेचा राग येतो. तो राग मला घरी नेता येत नाही, घरी नेला तर बायको म्हणते, जेवा आधी.

शेवटी गेल्या महिन्यात ताईंनी नियम मोडला. अंतिम प्रूफावर, लाल पेन्सिलीनं, ती रेघ खोडली आणि समोर १००९ लिहिलं. खाली स्वतःची सही केली, लपवाछपवी नाही. प्रमुखांनी ते पकडलं. पकडणारच, ते त्यांचं काम आहे. ताईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला: 'अधिकाराची मर्यादा ओलांडून प्रूफ बिघडवले.' एकतीस वर्षांच्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा शेरा. मघाशी ज्यांनी ताईंच्या निष्कलंक सेवेबद्दल भाषणं केली, त्यांना हे ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर आज सभागृहात एवढ्या खोकण्याचा आवाज येतोय.

आणि आता जे सांगायला मी उठलो ते सांगतो. ताई, तुमच्याकडे बघून सांगता येणार नाही, म्हणून समोर बघतो.

ती रेघ परत घातली ती मी.

प्रमुखांनी ताईंना सांगितलं, पूर्ववत करा. ताई म्हणाल्या, नाही करणार. मग ते माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "कॉपीत रेघच आहे, साहेब." खरं बोललो. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. पेन्सिल घेतली, १००९ खोडलं, रेघ ओढली. मग रीतीप्रमाणे पान पुन्हा वाचायला बसलो. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. मी टक केलं. समोरून टक आलं नाही. ताई भिंगातून माझ्याकडे बघत होत्या. मी पुन्हा आकडा वाचला, पुन्हा टक केलं. काही नाही. जोडीच्या मंजुरीशिवाय ओळ पुढे सरकत नाही, हा एकवीस वर्षांचा शिरस्ता. मी तो मोडला. ताईंच्या जागी मीच मंजुरीचं आद्याक्षर घातलं आणि पान खाली पाठवलं.

ताईंनी नियम मोडला तो उघड, स्वतःच्या सहीनं. मी मोडला तो गुपचूप, दुसऱ्याच्या जागी. शेरा कुणाला मिळाला? त्यांना. मला गेल्या आठवड्यात दक्षतेबद्दल शाबासकी मिळाली. जुळाऱ्यांनो, हसू नका, खरंच मिळाली.

प्रस्तावनेच्या पानांचा फर्मा आधीच छापून झालाय. त्यात प्राध्यापकमहोदयांचं वाक्य आहे: 'या सारणीत आता एकही दोष उरलेला नाही, आढळल्यास तो मुद्रणदोष समजावा.' ऐकलंत? म्हणजे उद्या कुणाला ती रेघ सापडली तर दोष कुणाचा? तुमचा. तुमचा. त्या दुसऱ्या रांगेतल्या मावशींचा, ज्यांनी कधी न मागवलेली पट्टी कापली नाही!

मला कुणाला खाली बघायला लावायचं नाही. प्राध्यापकमहोदय, मी तुमची दीड हजार पानं मोठ्यानं वाचली आहेत, एकेक आकडा. तुमच्याइतकं त्या सारणीजवळ या जगात मी आणि ताई, दोघंच आलो आहोत. दहा लाखांपर्यंत आम्हाला तुमची एक चूक सापडली नाही. एकही नाही! एवढं चोख पुस्तक कुणाचं असतं? न कापलेल्या पट्टीपायी दोन संख्या निसटल्या, त्यातली एक तुम्ही स्वतः धरलीत. आता एकच उरली. तुमच्या प्रस्तावनेतलं ते वाक्य आज खोटं आहे. ते खरं करायला फक्त एक ओळ कमी पडतेय, आणि ती ओळ शोधून ताईंनी तुमच्यापुढे ठेवली आहे. याला बिघडवणं म्हणतात?

चला, आपण सगळे करू. हो, इथेच. माझ्याबरोबर मोजा. एक हजार तेरा, गुणिले हजार. किती? मोठ्यानं! दहा लाख तेरा हजार. बरोबर. आता एक हजार तेरा गुणिले नऊ. नऊ हजार एकशे सतरा. मशीनखात्यातून उत्तर पहिलं आलं, लिहून ठेवा. दोन्हींची बेरीज? दहा लाख बावीस हजार एकशे सतरा.

झालं. मूळ आहे म्हणायला एकशे सहासष्ट भागाकार लागतात. मूळ नाही म्हणायला हा एक गुणाकार पुरला, आणि तो तीनशे माणसांनी तुमच्यादेखत केला. प्राध्यापकमहोदय, मघाशी तुमचे ओठ हललेले मी पाहिले. तुम्हीही केलात.

मुख्य जुळाऱ्यांना मी सकाळी विचारलं. त्या पानाचा फर्मा मशीनवर चढवलेला आहे, पण मशीन बंद आहे. एक रेघ काढायची, चार आकडे बसवायचे. ते म्हणाले, अकरा मिनिटांचं काम. पण ते हात लावणार नाहीत, आणि मीही त्यांना लावा म्हणणार नाही. लेखकाच्या सहीशिवाय काही हलत नाही. आम्हाला तो नियम मोडायचा नाही, पाळायचा आहे.

अध्यक्षमहोदय, ताईंचा शेरा त्यांच्या पुस्तकातून काढून माझ्या पुस्तकात लिहा. शब्द बदलू नका, 'प्रूफ बिघडवले' हेच लिहा, माझ्या बाबतीत ते तंतोतंत खरं आहे.

आपण सर्वांनी सात मिनिटांच्या जागी इतका वेळ मला सहन केलंत, याबद्दल मी सभागृहाचा ऋणी आहे. नुसत्या एका चिठ्ठीवर थांबलेल्या अध्यक्षांचा, मध्येच उठून न गेलेल्या पाहुण्यांचा आणि दुकान बंद ठेवून आलेल्या यजमानांचा विशेष ऋणी आहे. माझं हे बोलणं कॉपीत नव्हतं. त्यात जिथे आवाज चढला, जिथे मान राखायचा राहिला, तिथे आपण खुशाल लाल पेन्सिल चालवा. माझी तक्रार नाही. ताई, तुमची क्षमा मी इथे माईकवरून मागत नाही, ते फार सोपं होईल. खोलीत येऊन मागतो.

प्राध्यापकमहोदय, हा दुरुस्तीचा कागद. वर पानाचा क्रमांक, खाली संख्या, तिच्यापुढे १००९, आणि खाली तुमच्यासाठी सोडलेली जागा. पाच वाजायला सहा मिनिटं आहेत. ताई अजून इथे आहेत.

हे माझं पेन. सही करा.